एमिल नोल्डे : रंगांची मोहिनी आणि इतिहासाची साक्ष

चित्र सुंदर असलं की चित्रकारही निर्मळ मनाचा असणार, असं आपण नकळत धरून चालतो. सत्तेनं कलावंताचा छळ केला असेल, तर तो त्या सत्तेचा विरोधकच असणार, असंही मानून मोकळे होतो. या दोन्ही समजुती तपासायला लावणारा चित्रकार म्हणजे जर्मन अभिव्यक्तिवादी एमिल नोल्डे (१८६७-१९५६).

त्याच्या रंगांची जादू नाकारता येत नाही. शोषून घेणारा जपानी कागद ओला करून तो त्यावर जलरंग सोडत असे. रंग पसरत, एकमेकांत मिसळत आणि जिथं थांबत तिथं पाकळीची कड तयार होई. त्याची पॉपीची लालभडक फुलं रेषेनं आखलेली वाटत नाहीत, रंगातूनच उमलल्यासारखी वाटतात. डेन्मार्क-जर्मनी सीमेवरचा सखल मुलूख, त्यावरचं जांभळं-नारिंगी आभाळ आणि खवळलेला समुद्र यांत जुन्या जर्मन रोमँटिक परंपरेचा निसर्गमोह आहे. या मुलखातल्या जन्मगावाचंच नाव त्यानं १९०२ साली आडनाव म्हणून घेतलं.

मुद्राचित्रांत हा मोह गळून पडतो. तरुणपणी फ्लेन्सबुर्गला लाकूड कोरण्याचं शिक्षण घेतलेला त्याचा हात १९१२च्या ‘संदेष्टा’ या चित्रात दिसतो. काळी शाई आणि कोरा कागद, एवढ्यावरच खोल डोळ्यांचा, दुःखानं खंगलेला चेहरा उभा राहतो.

१९३७ साली नाझी राजवटीनं जर्मन संग्रहालयांतल्या त्याच्या हजाराहून अधिक कलाकृती जप्त केल्या आणि म्युनिकच्या ‘अधःपतित कला’ प्रदर्शनात त्याची चित्रं हेटाळणीसाठी मांडली. १९४१मध्ये त्याच्यावर व्यवसायबंदी आली. युद्धानंतर लपूनछपून छोटी जलरंगचित्रं काढणारा छळग्रस्त अशी त्याची प्रतिमा रूढ झाली. झीगफ्रीड लेन्झच्या १९६८च्या ‘जर्मन तास’ या कादंबरीनं ती घरोघरी पोचवली.

कागदपत्रं वेगळंच सांगतात. नोल्डे १९३४पासून नाझी पक्षाचा सभासद होता. त्याच वर्षी आलेल्या आत्मचरित्रात ज्यूद्वेष होता. युद्धानंतरच्या आवृत्तीत तो मजकूर गाळला गेला. चित्रं जप्त झाल्यावरही आपण निष्ठावंत आहोत, हे तो सत्ताधाऱ्यांना पटवत राहिला. बंदी चित्रं विकण्यावर आणि मांडण्यावर होती. घरात रंगवण्यावर नव्हती. २०१९च्या बर्लिनमधल्या प्रदर्शनानं हे सारं लोकांसमोर ठेवलं, तेव्हा तत्कालीन चान्सेलर अँगेला मर्केल यांच्या कार्यालयातून त्याची दोन चित्रं परत गेली.

विसंगती इथंच आहे. बायबलमधल्या प्रसंगांवरच्या चित्रांत नोल्डेनं ख्रिस्त आणि त्याचे शिष्य ज्यू माणसं म्हणूनच रंगवले, आणि १९३७मध्ये त्याच चित्रांची सर्वाधिक विटंबना झाली. कुंचल्याला जे दिसलं, ते माणसानं मानलं नाही. मायभूमीवरचं प्रेम चित्रात रंग होऊन आलं. विचारात मात्र परक्याचा द्वेष होऊन बसलं.

मग ही चित्रं भिंतीवरून उतरवायची का? मला तसं वाटत नाही. चित्रं पाहावीत, पण शेजारी पूर्ण इतिहास लिहिलेला असावा. पॉपीचा लाल रंग खरा आहे आणि आत्मचरित्रातून गाळलेली पानंही खरी आहेत. समीक्षकाला त्यांतलं एक निवडून दुसरं झाकण्याचा अधिकार नाही. सौंदर्याला दाद द्यावी; त्याच्याकडून चारित्र्याचा दाखला मात्र मागू नये.