उल्हास दरी आणि आमचें निसर्गवर्णन

लोणावळा-खंडाळ्यासंबंधीं मराठींत जे प्रवासलेख प्रसिद्ध होतात, ते एकापुढें एक ठेवून वाचले तर एक गोष्ट सहज ध्यानांत येते. लेखक कोणीहि असो, दरी दिसतांच त्याला आल्प्सची आठवण होते. आणि ती झाली कीं दरीचें वर्णन तेथेंच संपतें. 'महाराष्ट्राचें स्वित्झर्लंड' हे दोन शब्द लिहिले म्हणजे आपलें कर्तव्य पुरें झालें, अशी त्याची समजूत दिसते. प्रस्तुत लेखकाचें घर सोमाटण्यास. तळेगांवास आगगाडींत बसलें म्हणजे तासाभराच्या आंत लोणावळें येतें. असें असूनहि इंग्रजी काव्य शिकविण्यांत जन्म गेल्यामुळें या दरीकडे त्यानें वर्षानुवर्षें इंग्रजी चष्म्यांतूनच पाहिलें. तेव्हां हा दोष तो केवळ इतरांच्या पदरीं बांधीत नाहीं.

ज्याची उपमा द्यावयाची, तें उपमान तरी नीट ठाऊक असावें. स्वित्झर्लंडांत मायरिंगेन गांवाजवळ आरे नदीची घळ आहे. चुनखडीच्या खडकांतून नदीनें कोरलेली ही वाट सुमारें १४०० मीटर लांब. कडे कांहीं ठिकाणीं २०० मीटरांपर्यंत उंच, आणि रुंदी एके जागीं जेमतेम १ मीटर. १८८८ पासून कड्याला लागून बांधलेल्या पायवाटेनें प्रवासी तींतून चालतात. तेथें माणूस दरीच्या पोटांत असतो. वर आकाशाची एक चिंधी तेवढी दिसते. आमची उल्हास दरी याच्या अगदीं उलट. लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणारी सुमारें १५ किलोमीटरांची वाट बरीचशी दरीच्या माथ्यानें जाते. दरी विस्तीर्ण आहे. तिचे कडे साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाच्या थरांचे, पायऱ्यापायऱ्यांनीं उतरलेले आहेत. या माथ्यावर दोन सरी शेजारीं पडल्या, तर एक उल्हासेंतून वसईच्या खाडीस मिळते, आणि दुसरी इंद्रायणी, भीमा, कृष्णा असा प्रवास करीत पूर्वसमुद्रास जाते. एवढी नाट्यमय गोष्ट पायांखालीं असतां आम्ही स्वित्झर्लंड आठवीत बसावें, याला काय म्हणावें?

आणि ज्या इंग्रज कवींपासून आम्ही ही आवड शिकलों, त्यांनीं तरी काय केलें? वर्ड्स्वर्थ १७९० सालीं एका मित्रासह पायीं आल्प्स ओलांडावयास निघाला. वाट चुकली, एका शेतकऱ्याला विचारतां कळलें कीं आल्प्स तर केव्हांच ओलांडून झाला! त्या निराशेंत तो गोंडोच्या घळींतून खालीं उतरला, आणि तेथील कडे, कोसळतें पाणी व वारा यांना त्याच्या काव्यांत कायमचें स्थान मिळालें. त्याच्या मृत्यूनंतर १८५० सालीं प्रसिद्ध झालेल्या 'प्रेल्यूड'मध्यें हा भाग आहे. ही घळ कोणत्या परदेशासारखी दिसते, हें सांगण्याची त्याला गरज भासली नाहीं. हा भाग मीं वर्गांत कितीदां तरी शिकविला. परंतु त्याचा अर्थ मला कळला तो राजमाचीच्या वाटेवर.

चार-पांच वर्षांपूर्वीं श्रावणांत कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन मी त्या वाटेनें गेलों. धुकें इतकें दाट कीं दरी म्हणून कांहीं दिसेना. मुलें हिरमुसलीं; तेव्हां मीं तेथेंच उभें राहून भव्यतेवर व्याख्यान आरंभिलें. बरोबर वाट दाखविणारा माचीवरील एक वृद्ध होता. तो मध्येंच म्हणाला, "दिसत न्हाई तर ऐका की, सर. धारंचा आवाज जाड झालाय. वढा भरंल. मागं फिरा." आम्ही फिरलों. ओढा ओलांडतांना पाणी गुडघ्याला लागलें. पलीकडे जाऊन पाहतों तों ज्या दगडांवर पाय ठेवून आलों, ते बुडाले होते. मी ज्या दरीला शब्द शोधीत होतों, ती केव्हांची बोलत होती. ऐकणारा मात्र आमच्यांत एकच होता.

मराठी वाङ्मयानें हें ऐकणें अगदींच सोडलें आहे, असें नाहीं. शिवथरच्या घळीचें समर्थ रामदासांचें वर्णन पाहावें. त्यांत प्रपाताचा घोष शब्दांच्या नादांतच उतरला आहे. तें मोठ्यानें वाचावें लागतें. अलीकडच्या काळांत तळेगांवीं दीर्घकाळ राहिलेल्या गो. नी. दांडेकरांची 'माचीवरला बुधा' ही १९५८ ची कादंबरी राजमाचीच्याच परिसरांतली. मुंबई सोडून डोंगरांत परतलेला तिचा वृद्ध नायक देखावा पाहावयास आलेला नाहीं; तो तेथें राहतो. म्हणून तेथील झाडें आणि जनावरें कथेंत सजावटीसारखीं येत नाहींत, शेजाऱ्यांसारखीं येतात. या चित्रांत गोडवा किंचित् अधिक आहे, आणि दिवाळीनंतर ओढे आटल्यावरची दैना त्यांत फिकी पडते, असा आक्षेप कोणी घेतला तर तो मला सर्वस्वीं अमान्य होणार नाहीं. तथापि लेखकाची नजर उसनी नाहीं, हा गुण त्या उणिवेपेक्षां फार मोठा होय.

घळ, नाळ, सोंड, माची, कपार, धार, डोह, कातळ : या प्रदेशाचें वर्णन करण्यास लागणारे शब्द आमच्या भाषेंत मुबलक आहेत, आणि माथ्यावरच्या वस्त्यांत ते आजहि रोज वापरांत आहेत. परंतु लिहितांना आम्ही सुशिक्षित ते वापरीत नाहीं. याचा परिणाम केवळ वाङ्मयापुरता राहत नाहीं. जी दरी आमच्या लेखी दुसऱ्या कुठल्या तरी देशाची नक्कल आहे, तिचा कडा फोडला गेला किंवा ओढा बुजविला गेला तरी आमच्या काळजाला चटका कां बसावा? नकलेसाठीं कोणी रडत नाहीं.

असो. पुढच्या पावसाळ्यांत जे वाचक त्या वाटेनें जातील, त्यांस एवढेंच सांगणें आहे : दरी दिसली तर डोळे भरून पाहावी, धुक्यानें झांकली असेल तर थोडा वेळ मुकाट्यानें ऐकावें, आणि बरोबरच्या माणसास त्या पाण्याचें नांव विचारावें. मला तें पन्नाशी उलटल्यावर सुचलें.