‘लपले’ आणि ‘अडकले’

उर्दू माध्यमाच्या मुलांना मी भूमिती शिकवते. आमच्याकडे वर्तुळाला ‘दायरा’ आणि वर्तुळाच्या केंद्राला ‘मरकज’ म्हणतात. कोरोनानंतर शाळा भरली तेव्हा हा शब्द मी फळ्यावर लिहिला आणि मुलांनी एकमेकांकडे पाहिले. साधा गणिताचा शब्द, पण तो बदनाम होऊन वर्गात परत आला होता.

मार्च २०२० च्या अखेरीस दिल्लीतील निजामुद्दीनच्या तबलिगी मरकजमध्ये जमलेल्यांत कोरोनाचे रुग्ण आढळले. ही बातमी देणे आवश्यकच होते. त्या काळात गर्दी का जमली, हा प्रश्नही रास्त होता. पण हातोहात फिरताना त्या बातमीवर ‘कोरोना जिहाद’ असा शिक्का बसला.

शिक्का निदान डोळ्यांना दिसतो. क्रियापदातला पूर्वग्रह दिसत नाही. टाळेबंदीत इतर लोक ठिकठिकाणी ‘अडकले’ होते, जमातीचे लोक मात्र अनेकांच्या लिहिण्यात ‘लपले’ होते. ‘अडकले’ म्हटले की दया येते, ‘लपले’ म्हटले की गुन्हा सिद्ध होतो. पुढे ‘काही जण’चे ‘हे लोक’ झाले. वाक्यात एकही शिवी नाही, व्याकरण शुद्ध, तरी तोहमत पुरी!

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. त्यांच्याविरुद्ध वृत्तपत्रांतून व वाहिन्यांवरून मोठा अपप्रचार झाल्याचेही निकालपत्रात नोंदवले गेले. त्यावरचा एक मराठी लेख मी नातेवाइकांना पाठवला आणि वर स्वतःची ओळ जोडली, ‘सगळे पत्रकार विकले गेलेत.’ धाकट्या भावाने विचारले, “आपा, मग हा लेख कोणी लिहिला?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. जो ‘सगळे’ आपल्याला लावला तेव्हा टोचला, तोच मी दुसऱ्याला लावला तेव्हा इन्साफ वाटला.

सूरह हुजुरातमध्ये खबर पडताळून घेण्याची ताकीद आहे, तशीच कोणाला वाईट नावाने न हाक मारण्याचीही आहे. पहिली ताकीद आपण इतरांना ऐकवतो. दुसरी आपल्यासाठीही आहे, हे विसरतो.

लेख दुसऱ्याचा असतो, पण पुढे पाठवताना वर लिहिलेली ओळ आपली असते. बरेच जण तेवढीच वाचतात. म्हणून तिथे ‘सगळे’, ‘हे लोक’, ‘अंधभक्त’ असे लिहू नये. कोणत्या वाहिनीने, कोणत्या दिवशी, कोणता शब्द वापरला, तेवढे लिहावे. हे काही नरमपणाचे धोरण नव्हे. मोघम आरोप झटकून टाकता येतो. तारखेसकट दाखवलेल्या चुकीला उत्तर द्यावे लागते.

‘मरकज’ मी आजही फळ्यावर लिहिते. मुलांना पुढे तो शब्द मान खाली न घालता उच्चारता यावा असे वाटत असेल, तर दुसऱ्यांचे शब्दही आपल्याला जपून वापरावे लागतील.