चिठ्ठी मागणारा माणूस आणि मराठी राजकीय कादंबरी

मराठी राजकीय कादंबरीची चर्चा निघाली की अरुण साधूंची 'मुंबई दिनांक' (१९७२) आणि 'सिंहासन' (१९७७) ही दोन नावे आधी येतात, आणि ते रास्तच आहे. साधू मूळचे परतवाड्याचे, म्हणजे आमच्या वऱ्हाडातले. तरी त्यांची नजर मंत्रालयावर. मुख्यमंत्री, कामगार पुढारी, तस्कर, बातमीदार यांच्यातला सत्तेचा व्यवहार त्यांनी नेमका टिपला. पण ज्या संस्थेने खेड्याला सत्तेची चव दाखवली, ती जिल्हा परिषद या कादंबऱ्यांच्या केंद्रात नाही.

या संस्थेचा आराखडा आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष वसंतराव नाईक वाशीमला लागूनच असलेल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. बलवंतराय मेहता समितीने (१९५७) भर तालुका पातळीवर दिला होता. नाईक समितीने तो जिल्ह्यावर दिला, आणि आमदार-खासदारांना परिषदेबाहेर ठेवले. १९६१चा कायदा झाला, १ मे १९६२ला परिषदा सुरू झाल्या. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १९९८ला झाला. आमदार बाहेर राहिल्याने स्वतःचे वजन असलेला नवा माणूस तयार झाला: झेडपी मेंबर. गुरुजींची बदली, शाळेची खोली, रस्त्याचे काम, सगळे त्याच्या शब्दावर येऊन ठेपले.

आपली समीक्षा याला एका शब्दात निकाली काढते: वशिलेबाजी. हा शब्द मला अपुरा वाटतो. अमेरिकेत १८२८ला अँड्र्यू जॅक्सन निवडून आला, तोवर बहुतेक राज्यांत गोऱ्या पुरुषांच्या मतदानासाठी मालमत्तेची अट उरली नव्हती. सरकारी काम इतके साधे असते की कोणताही समजदार माणूस ते करू शकतो, म्हणून पदे फिरती असावीत, असे त्याने १८२९ला मांडले. विरोधकांनी त्याला लूट म्हटले. प्रत्यक्षात त्याने काढलेल्या नोकरांचे प्रमाण इतिहासकार दहा ते वीस टक्क्यांच्या आसपास धरतात. लुटीची ओरड करणाऱ्यांत आधीपासून खुर्च्यांवर बसलेले पुष्कळ होते, हे विसरता येत नाही. आपल्याकडेही ज्याच्या घरी आधीच मामलेदार-वकील होते, त्याला चिठ्ठीची गरज नव्हती. त्याची ओळख हीच त्याची चिठ्ठी.

अर्थात जॅक्सनच्याच काळात, १८३०च्या कायद्याने, आदिवासी जमातींना मिसिसिपीपलीकडे हाकलण्याची वाट मोकळी झाली. आपल्यांना देणारा हात दुसऱ्याचे घेतही असतो. इकडेही वाटप झाले ते बहुतांशी जमीन आणि जात ज्यांच्या बाजूने होती त्यांच्यातच. सदस्यत्वाच्या खुर्चीला किती किंमत आहे हे वाशीमकरांनी २०२१लाही पाहिले. एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांवर गेल्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या मार्चमधल्या निकालाने वाशीमसह काही जिल्हा परिषदांतल्या ओबीसी जागांच्या निवडणुका रद्द ठरल्या आणि ऑक्टोबरात पोटनिवडणूक झाली.

हे सगळे कादंबरीचे अस्सल सामान आहे. आपण मात्र त्यातून दोनच माणसे घडवली: हडेलहप्पी करणारा पुढारी आणि त्याच्यासमोर उभा राहणारा सज्जन. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या 'सामना'तले हिंदुराव आणि मास्तर विसरता येत नाहीत, पण त्यांच्यामागे गाव जवळजवळ गर्दी म्हणूनच उरते. रंगनाथ पठारे यांची 'ताम्रपट' (१९९४) या प्रदेशात सर्वांत खोल उतरते. तिचेही दुःख मात्र मुख्यतः आदर्शाच्या पराभवाचे आहे.

मेंबराच्या ओसरीवर सकाळी सातपासून बसलेला बाप मला कुठे भेटत नाही. मुलीची बदली दोन तालुके पलीकडे झाली आहे. कोणाची चिठ्ठी सीईओ वाचतो आणि कोणाची टोपलीत जाते, मागच्या निवडणुकीत आपल्या भावकीने कोणाला मते दिली आणि ते मेंबराला ठाऊक आहे की नाही, हा सगळा हिशेब तो चहा येईपर्यंत मनात मांडत असतो. तो लाचार आहे, आणि मतदारही आहे. मेंबर बाहेर येतो तेव्हा दोघेही एकमेकांना 'भाऊ' म्हणतात.