खांडववनात पाऊसही होता

इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मधला (१९६७) ‘मयसभा’ हा लेख मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी एकाच जागी थबकलो आहे. खांडववन पेटले आहे. कृष्ण आणि अर्जुन त्याच्या दोन बाजूंना रथ फिरवत आहेत आणि बाहेर पडू पाहणाऱ्या प्रत्येक जिवाला पुन्हा आगीत लोटत आहेत. एवढा संहार कशासाठी, असा प्रश्न इरावतीबाईंनी विचारला आणि कथेतल्या दैवी कारणांवर समाधान न मानता उत्तर दिले: जमिनीसाठी. नव्या राज्याला शेत हवे होते, गायरान हवे होते, वन आणि वनातली माणसे आड येत होती. मराठी वाचकाला महाभारत माणसांचा ग्रंथ म्हणून वाचायला शिकवणाऱ्या पानांत या पानांचा मान मोठा आहे.

माझी तक्रार त्या उत्तराशी नाही. त्यानंतर आपण वाचकांनी त्याचे जे केले, तिच्याशी आहे. आपण त्यातून एक साचा काढला: आधी घनदाट वन होते, मग माणूस आला, त्याने आग लावली, वन संपले. पुढे ज्या ज्या साहित्यात उघडी जमीन दिसली, तिथे तिथे आपण हा साचा बसवला. दख्खनचा माळ दिसला की म्हटले, इथे एकेकाळी अरण्य असणार. गवत दिसले की ते उरलेसुरले वाटले. हे वाचन अपुरे आहे, आणि त्याची किंमत आज जमीन मोजते आहे, असे मला वाटते.

मूळ कथेकडे परत जाऊ. आदिपर्वातला तो प्रसंग ऐन उन्हाळ्यातला आहे. उकाडा वाढला म्हणून अर्जुन कृष्णाला यमुनेकाठी चलण्याचा आग्रह करतो. तिथे ब्राह्मणाच्या रूपात अग्नी येतो आणि आपले गाऱ्हाणे मांडतो. त्याला हे वन हवे आहे, पण तो पेटला की तक्षकाचा मित्र इंद्र पाऊस पाडतो आणि त्याला विझवतो. म्हणून त्याला माणसांची मदत पाहिजे. अर्जुन आकाशात बाणांचे छत घालतो, पाऊस वरच्या वर अडतो आणि मगच वन जळते.

म्हणजे या कथेत पात्रे तीन आहेत: पाऊस, आग आणि माणूस. वनस्पतींच्या इतिहासाचे आजचे अभ्यासक हवामान, आग आणि माणूस असे जे त्रिकूट मांडतात, ते हेच. व्यासांना आधुनिक शास्त्र ठाऊक होते, असला दावा मला करायचा नाही. एवढेच म्हणायचे आहे, की ही कथा रचणाऱ्याने वणवा पाहिलेला होता. ओले रान पेटत नाही, पेटायला सुका हंगाम लागतो, आणि आग केव्हा, कुठे, कुठवर जाईल ते पुष्कळदा माणूस ठरवतो, हे त्याला अनुभवाने माहीत होते. इरावतीबाईंचा प्रश्न नीतीचा होता, म्हणून त्यांनी माणसावर प्रकाश टाकला. ते योग्यच होते. पण त्या प्रकाशात आपल्या नजरेतून पाऊस सुटला.

आणखी एक गोष्ट सुटली, ती म्हणजे त्या प्रदेशाचे नाव. महाभारत त्याला कुरुजांगल म्हणते. आज ‘जंगल’ म्हटले की ऊन जमिनीवर पोचत नाही अशी झाडी डोळ्यांपुढे येते. चरकसंहितेतला जांगल देश याच्या उलट आहे: डोक्यावर मोकळे आकाश, कोरडा वारा, खैर, बोर, शमी यांसारखी झाडे, हरणे, तित्तिर आणि चकोर. पाणथळ, दाट प्रदेशाला तिथे ‘आनूप’ असा वेगळा शब्द आहे. फ्रान्सिस झिमरमान यांनी १९८२ साली फ्रेंचमध्ये लिहिलेल्या ग्रंथात या दोन शब्दांभोवती आयुर्वेदाचा सगळा भूगोल उभा केला आणि ‘जांगल’चा अर्थ कसा उलटला याकडे लक्ष वेधले. अज्ञातवासाला निघालेले पांडव शस्त्रे लपवतात तीही शमीवर, जांगल देशाच्या झाडावर. मी हे सगळे एकत्र वाचतो तेव्हा मला खांडववन नदीकाठचे एक दाट रान म्हणून दिसते, आणि त्याच्या भोवती गवत, काटेरी झाडे आणि गुरे असलेला विस्तीर्ण उघडा मुलूख. हा मुलूख कोणी जाळून उघडा केलेला असलाच पाहिजे, असे नाही. उत्तरेतल्या शिवालिकच्या प्राचीन मातीत जो कार्बन सापडतो, त्यावरून उष्ण प्रदेशातली गवते तिथे सुमारे ७० ते ८० लाख वर्षांपूर्वी पसरली, असे दिसते. तेव्हा आग लावणारा माणूस पृथ्वीवर नव्हताच.

साच्याने काय होते, हे दुसऱ्या एका मोठ्या पुस्तकात अधिक स्पष्ट दिसते. विभूतिभूषण बंदोपाध्यायांची ‘आरण्यक’ (१९३९) ही कादंबरी भारतीय भाषांत अरण्याचे शोकगीत म्हणून वाचली जाते. कलकत्त्याचा बेकार पदवीधर सत्यचरण बिहारमधल्या एका जमीनदारीचा व्यवस्थापक होतो, जमीन कुळांना वाटतो आणि ज्या रानावर त्याचा जीव जडला, ते त्याच्याच सहीने संपते. शोक खरा आहे. पण पाने शांतपणे उलटली की लक्षात येते, त्या ‘अरण्या’चा मोठा भाग काश गवताचा आणि झाऊच्या झुडपांचा आहे. गुरे चारणाऱ्यांचा तो मुलूख आहे. आपण मात्र शीर्षक वाचून मनात वृक्ष उभे करतो.

याच कादंबरीत युगलप्रसाद आहे. लांबलांबून फुलझाडांचे, वेलींचे बी आणून तो सरस्वती कुंडीच्या काठच्या रानात लावतो. कोणी सांगितले नाही, काही मिळायचे नाही. सत्यचरणही त्याला साथ देतो. अस्पर्श अरण्याचा शोक करणाऱ्या कादंबरीच्या मधोमध लेखकाने रानात बी पेरणारा माणूस आणून बसवला आहे. रानात माणसाचा हात असणे आणि रान नष्ट करणे, या दोन गोष्टी विभूतिभूषणांना वेगळ्या दिसत होत्या. समीक्षेला त्या तितक्या वेगळ्या दिसल्या नाहीत.

आता मराठीकडे येतो, कारण माळाचे घर इथेच आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वराला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला काही तासांच्या वाटेवर बारामती-फलटणच्या बाजूला तो सुमारे ५०० मिलिमीटरवर येतो. या पर्जन्यछायेत गवत, बोरी-बाभळी, हिवर आणि मेंढरे असा संसार आहे. मेंढपाळ धनगर पावसाळा कोरड्या माळावर काढतात आणि पावसानंतर वाडा घेऊन कोकणाकडे उतरतात. खंडोबाची बाणाई याच समाजातली. आपल्या देवांची निम्मी बिऱ्हाडे माळावर आहेत, आणि तरी आपण माळाला उजाड म्हणतो.

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात कान्होपात्रेने देह ठेवला आणि तिथे तरटीचे झाड उगवले, ही आख्यायिका वारकऱ्यांना पाठ आहे. तरटी हे कोरड्या, उघड्या रानाचे काटेरी झाड आहे. संतकथेला चमत्कारासाठी झाड हवे होते, तेव्हा तिने चंदन किंवा वड निवडला नाही, आसपास जे उगवत होते ते घेतले. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात पश्चिम महाराष्ट्रातल्या अशाच जुन्या कथा, चरित्रे आणि गाणी चाळली, ठिकाणासह आलेल्या रानवनस्पतींची यादी केली आणि त्यांतल्या बहुसंख्य वनस्पती दाट अरण्याच्या नसून माळाच्या असल्याचे दाखवले. मला त्या निबंधाने थोडे शरमवले. चरित्रग्रंथांत आम्ही भाषा पाहिली, भक्ती पाहिली, जातिव्यवस्था पाहिली. झाडाचे नाव आले की मात्र ‘वृक्षविशेष’ अशी टीप देऊन पुढे गेलो.

आगीच्या बाबतीतही हेच झाले. मराठीला दोन आगी माहीत आहेत. एक वणवा, जो कोणाचाच नसतो. दुसरा राब. भाताची रोपे टाकण्याआधी शेताच्या तुकड्यावर कवळ, गवत, शेण पसरून ते भाजतात. ती आग शेतकऱ्याच्या हाताखालची असते. इंग्रजी अमलातल्या वनकायद्याने हा भेद पुसला. १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या २६व्या कलमाने राखीव वनात आग लावणे हा गुन्हा ठरला, आणि ते कलम आजही आहे. खुद्द वनाधिकाऱ्यांत मात्र त्याआधीच शंका उठल्या होत्या. एच. स्लेड यांनी १८९६ साली ‘इंडियन फॉरेस्टर’मध्ये ब्रह्मदेशातल्या सागाच्या रानांना आगीपासून फार जपले जात आहे, अशी तक्रार केली होती. आग थांबली, तसे खाली बांबू आणि इतर झाडोरा दाटला आणि सागाच्या रोपांना ऊन मिळेना.

कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरातले सोलिग लोक हीच गोष्ट स्वतःच्या भाषेत सांगतात. पालापाचोळा सुकू लागला की लावायच्या हलक्या आगीला ते ‘तरगु बेंकी’ म्हणतात. १९७४मध्ये तिथे अभयारण्य झाले आणि ती आग बंद पडली. त्यानंतर घाणेरी माजली, आवळ्यावर बांडगुळे वाढली, आणि आता आग लागते ती घाणेरीच्या वाळल्या जाळीतून उंच चढते, असे त्यांचे म्हणणे आहे. अभ्यासकांनीही आग आणि घाणेरी यांच्या या नात्याची गंभीर दखल घेतली आहे.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मी आगीचे कौतुक करतो आहे का? नाही. सह्याद्रीच्या सदाहरित रानाला आग सोसत नाही. कोकणात फाल्गुन-चैत्रातला वणवा आंब्या-काजूच्या बागा आणि गोठे खाऊन जातो. दर वर्षी जाळलेला डोंगर आणि कधीच न जाळलेला डोंगर, दोन्ही गरीब होऊ शकतात. माझे म्हणणे एवढेच, की कुठली आग, कुठल्या पावसाच्या मुलखात, कोणाच्या हातून, कोणत्या महिन्यात, हे विचारल्याशिवाय ‘आग’ हा शब्द वाचता येत नाही. समीक्षकाने प्रतिमेबद्दल असे प्रश्न नेहमीच विचारायचे असतात. आगीपुढे आपण ते विसरतो.

हा नुसता वाचनाचा वाद राहिलेला नाही. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशांत खुरट्या झुडपांचे आणि गवताचे पट्टे पडीक म्हणूनच दाखवले जातात. पडीक म्हटले की ती ‘सुधारायची’ ठरते: खड्डे खणायचे, झाडे लावायची, कुंपण घालायचे, नाहीतर जमीन कारखान्याला द्यायची. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकाचे अभयारण्य आहे, आणि त्या पक्ष्याला उघडे गवत लागते; तिथल्या माळावरही गिरिपुष्पाची लागवड झाली. लावणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. हरवलेले वन परत आणतो आहोत, असा त्यांचा समज होता. तो समज शाळेतल्या धड्यांनी, कवितांनी आणि आमच्यासारख्यांच्या लेखांनी घडवलेला आहे.

म्हणून मी ‘मयसभा’ वाचायची सोडणार नाही, पण तिच्या शेजारी आदिपर्वातली शार्ङ्गक पक्ष्यांची कथा ठेवीन. खांडववनातून अश्वसेन नाग, मय आणि चार शार्ङ्गक पिल्ले, एवढेच जीव वाचले. आग येते तेव्हा जरिता पिलांना उंदराच्या बिळात लपायला सांगते. पिल्ले ऐकत नाहीत. बिळातल्या उंदराने खाण्यापेक्षा आग बरी, म्हणतात. आई उडून जाते. पिल्ले अग्नीची स्तुती करतात आणि अग्नी त्यांना सोडून पुढे सरकतो. एवढ्या संहारातही आग सगळे खात नाही, हे कथाकाराने नोंदवून ठेवले आहे.

त्या चौघांतल्या एकाचे नाव स्तम्बमित्र. स्तम्ब म्हणजे गवताचे थोंब. खांडववनातून जिवंत बाहेर आलेल्या थोडक्यांत एक गवताचा मित्र होता, आणि एवढ्या वाचनांत मी त्या नावावरून नुसता पुढे गेलो होतो.