मत्स्यपालकांच्या नोंदी आणि उद्याचा वाचक

चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथातील 'मत्स्यविनोद' प्रकरण राजविलासाचे वर्णन करते. आज मात्र ते माशांच्या जाती व आहार यांविषयीचा पुरावा म्हणून अभ्यासले जाते. आंतरजालावरील मत्स्यपालक समुदायांचे मूल्यमापनही उद्याची पिढी याच निकषावर करील. त्यांच्या लेखनात काचपेटीच्या सौंदर्याची वर्णने विपुल आढळतात. मासा कोणत्या नदीतून आला, नकोसा झाल्यावर कोठे सोडला, याची नोंद क्वचितच असते. हौसेच्या व्यापारासाठी झालेल्या बेसुमार पकडीने दक्षिण सह्याद्रीतील 'डेनिसन बार्ब' संकटग्रस्त झाला. दक्षिण अमेरिकेतील 'सकर' मासा उजनी जलाशयात पोहोचला. उद्या वलगावच्या पेढी नदीत परका मासा सापडल्यास अभ्यासक त्याचे मूळ याच लेखनात शोधील. सारांश, या समुदायांचे सौंदर्यवर्णन विस्मरणात जाईल; त्यांचे मौन मात्र दोष म्हणून नोंदले जाईल.