फोमची घनता आणि रेझिनचे मौन

अलीकडे नव्या प्रवासी बोटींच्या माहितीपत्रकांत फोम कोअर हा शब्द ठळक असतो, सोबत घनताही: घनमीटरला ८० किलो. तो फोम कोणत्या रेझिनने चिकटवला, याबद्दल अक्षरही नसते. मला राग आहे तो या मौनाचा.

सँडविचचे गणित आता सगळ्यांना पाठ आहे. दोन थरांमध्ये हलका गाभा घालून जाडी दुप्पट केली की कडकपणा सुमारे सातपट होतो आणि वजन जेमतेम वाढते. पण हे सगळे उभे असते थर आणि फोम यांच्यातल्या जोडावर. दुरुस्तीला आलेल्या एका बोटीच्या तळाचा कापलेला तुकडा मी हाताळून पाहिला. कडेला छिन्नी लावताच काचेचा थर पापुद्र्यासारखा सुटला आणि खालचा फोम कोराच्या कोरा राहिला. जोड पक्का असता तर आधी फोम फाटला असता, थराच्या पाठीला त्याचे कण चिकटून आले असते. घनता ८० असो की १३०, अशा जोडापुढे ती कुचकामी.

गाभ्यांपैकी थर्माकोल पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो, तेव्हा तो बादच. पॉलियुरेथेनचा भुगा होतो. बाल्सा दमदार, पण पाणी शिरले की कुजतो. पीईटी उष्णता सोसतो, मात्र तेवढ्याच ताकदीसाठी जड पडतो. क्रॉसलिंक्ड पीव्हीसी कडक आणि भरवशाचा, म्हणून सर्वत्र तोच. मला स्वतःला तळासाठी सॅन फोम जास्त पटतो. लाटेवर आपटताना तो तुटण्याआधी ताणला जातो, आणि वेगाने धावणाऱ्या बोटीच्या तळाला दर फेरीत तेच सोसायचे असते.

पण ताणला जाणारा फोम घेऊन त्यावर ऑर्थो पॉलिएस्टर थापण्याला काय अर्थ आहे? ते दोनेक टक्के ताणले की तडकते, काच मात्र त्याच्या दुप्पट सोसते. शिवाय सुकताना ते आकारमानाने सात टक्क्यांपर्यंत आकसते आणि जोडावर पहिल्या दिवसापासून ताण आणते. मच्छीमार होडीचे जाड, एकसंध कवच हे पचवते. सँडविचच्या दोन-तीन मिलिमीटर थराला ते पेलत नाही. इपॉक्सी चिकटण्यात सर्वांत सरस, पण मापात चूक खपवून घेत नाही, पावसाळी दमटपणात त्यावर मेणचट थर येतो, आणि साध्या मॅटमधला बाइंडर त्यात विरघळत नाही.

म्हणून माझे मत व्हिनाइलएस्टरला. ते चार-पाच टक्के ताणले जाते, पाण्याला दाद देत नाही, आणि कारागिराच्या हातात पॉलिएस्टरचाच कोबाल्ट, तोच हार्डनर राहतो. २००० साली पाण्यात उतरलेल्या स्वीडनच्या व्हिस्बी या युद्धनौकेचे कवच कार्बन, पीव्हीसी फोम आणि व्हिनाइलएस्टरचेच आहे. सँडविच टिकत नाही म्हणणाऱ्यांना तर तारिणी दाखवावी. गोव्यात बांधलेल्या या नौकेत गाभा लाकडाचा, बाहेर फायबरग्लास. २०१७-१८ मध्ये ती पृथ्वीप्रदक्षिणा करून आली आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा गेली. दोष सँडविचचा नाही.

कारखानदार म्हणतात, व्हिनाइलएस्टर महाग पडते. किलोला पडतेच. पण सँडविचमध्ये थर पातळ, म्हणजे रेझिनच कमी लागते. जिथे फरकाची रक्कम सर्वांत लहान, तिथेच हात आखडता घ्यायचा? फोमचे पैसे मोजायचे, त्याची जाहिरात करायची, आणि तो धरून ठेवणाऱ्या वस्तूवर काटकसर करायची, हे मला मान्य नाही. या बोटींतून माणसे प्रवास करतात. निविदेत फोमच्या घनतेच्या जोडीने रेझिनचा प्रकार, भराईची पद्धत आणि सोलून पाहण्याची चाचणी लिहिलीच पाहिजे. खिडक्या आणि हॅचसाठी कापलेले तुकडे कारखान्यात नाही तरी फेकले जातात. खरेदीदाराने ते बोटीच्या क्रमांकासह ताब्यात मागावेत, थर स्वतः उचकटून पाहावा, आणि फोम न फाटता थर निघाला तर हप्ता रोखावा.