रंगमंचाच्या पायाशी तिघे

आमच्या गगनबावड्याच्या शाळेत एक जुनी पायपेटी आहे. आषाढ लागला की घाटातले धुके खिडकीतून थेट वर्गात शिरते, भात्याचे कातडे सर्द होते आणि मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबली की वर येत नाही. मुले प्रार्थना संपवून मोकळी होतात. पेटी आपली गातच राहते! यंदा त्या हट्टी सुराने मला बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांकडे नेले. खरे सांगायचे तर त्यांच्या गळ्यामागे वाजणाऱ्या तिघांकडे नेले.

पश्चिमेकडे ‘पियानो ट्रिओ’ नावाचा प्रकार आहे. पियानो, व्हायोलिन आणि चेलो, एवढीच वाद्ये. हायडनच्या रचनांत मान पियानोचा. चेलोने बहुधा त्याच्या डाव्या हाताची री ओढायची. १७९५ साली बेथोव्हेनने आपली पहिली कृती म्हणून अशी तीन त्रिकुटे प्रसिद्ध केली आणि तिघांच्या बरोबरीच्या संभाषणाला जोर आला. अमेरिकेतले ‘बोझार ट्रिओ’ १९५५ ते २००८ असे त्रेपन्न वर्षे चालले. व्हायोलिन आणि चेलोवाले बदलले, पण पियानोवर मेनाहेम प्रेसलर शेवटपर्यंत होते. त्यांचा इतिहास असा साल-तारखेने सांगता येतो.

आपल्याकडेही त्रिकूट होते. पण त्याला नाव नव्हते. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिच्या संस्थापकांत आमच्या कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे होते. हार्मोनियमवर त्यांची हुकमत, आणि १९११ च्या ‘मानापमाना’च्या चाली त्यांच्याच. पुढे मंडळीच्या वैभवाच्या काळात रंगमंचाच्या पायाशी ऑर्गनवर कांबळे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा अशी माणसे बसत. प्रेक्षक येत ते बालगंधर्वांसाठी. या तिघांसाठी तिकीट काढले, असे कोण म्हणणार?

तरीही माझे म्हणणे असे, की ते नुसते साथीदार नव्हते. ते एक पुरे वाद्यत्रय होते. पियानोचा सूर उमटताच विरू लागतो. तो धरून ठेवायला तिथे गजाची दोन वाद्ये लागतात. आपल्याकडे उलटे आहे. ऑर्गनचा भाता पायाने चालतो, दोन्ही हात मोकळे राहतात आणि सूर हवा तितका वेळ टिकतो. मात्र एका पट्टीवरून दुसरीवर जाताना मधली वाट त्याला ठाऊक नाही. ती वाट सारंगीची. तातीला नख लावून ती सुरातून सुरात अशी सरकते, की गळा कुठे संपला आणि गज कुठे लागला हे कळू नये. आणि दोघांना लयीचे भान द्यायला तबला. थिरकवांसारखा स्वतंत्र वादनाचा बादशहा पदाखाली साधा ठेका धरतो, हा संयम मला त्यांच्या कायद्या-रेल्यांइतकाच थोर वाटतो.

ऑर्गनने मराठी गाणे ठोकळेबाज केले, असा जाणत्यांचा आक्षेप असतो. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद केले तेही याच तक्रारीवरून. मी शास्त्र शिकलेला नाही, मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर आहे. पण आक्षेप मला अर्धाच पटतो. दोष ऑर्गनचा नाही, तो एकटा पडण्याचा आहे. आजच्या बहुतेक नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांत ऑर्गन दिसतो, तबला दिसतो, पण सारंगी क्वचित. मग गायक आलाप घेतो आणि त्यामागे पट्ट्या फक्त उमटतात. उत्तर कोणी देत नाही. आमच्या पायपेटीचेच दुःख ते!

कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली, तेव्हा आमच्या डोंगरातही घरोघर हळहळ झाली. शाहू महाराजांनी बांधवलेले ते रंगमंदिर. तिथे पुन्हा संगीत नाटकाचा पडदा वर जाईल त्या रात्री नटांची नावे मोठ्या अक्षरांत लिहावीत, माझी तक्रार नाही. फक्त रंगमंचाच्या पायाशी तिघांपुरती जागा असावी, आणि त्यातली सारंगीची जागा रिकामी नसावी.